ट्रोजन शिरलाय? स्कॅन नंतर, आधी नेट काढा

कॉम्प्युटरमध्ये ट्रोजन शिरल्याचा संशय आला की बहुतेक लोक सगळ्यात आधी अँटीव्हायरसचं स्कॅन लावतात. तास-दोन तास स्कॅन चालतं, शेवटी हिरवी खूण येते, आणि माणूस सुटकेचा निःश्वास टाकून त्याच कॉम्प्युटरवरून बँकेची साइट उघडतो. माझ्या मते खरं नुकसान इथेच होतं. ट्रोजन काढून टाकणं हे दुसऱ्या नंबरचं काम आहे. त्याने आतापर्यंत जे काही नेलं असेल ते निकामी करणं हे पहिलं. हा क्रम उलटा झाला की कॉम्प्युटर स्वच्छ होतो आणि खातं रिकामं होतं.

गिरगावातलं लग्नपत्रिका छापणारं दुकान घ्या, दादरमधलं रिटर्न भरून देणारं छोटं ऑफिस घ्या, नाहीतर लालबागमधल्या एखाद्या सोसायटीची कचेरी. बऱ्याच ठिकाणी एकच कॉम्प्युटर असतो आणि सगळं त्याच्यावरच चालतं: डिझाइन, जीएसटी, नेटबँकिंग, व्हॉट्सअ‍ॅप वेब, संध्याकाळी मुलाचा शाळेचा प्रोजेक्टसुद्धा. पासवर्ड ब्राउझरमध्ये साठवलेले. अशा कॉम्प्युटरमध्ये शिरलेल्या ट्रोजनला काही शोधाशोध करावी लागत नाही, सगळं एका जागी मांडून ठेवलेलं असतं.

आता ट्रोजन म्हणजे नेमकं काय ते बघू. व्हायरस स्वतःची प्रत दुसऱ्या फाइलीला चिकटवत पसरतो. वर्म नेटवर्कवरून आपला आपण पसरतो. ट्रोजनला यातलं काही येत नाही. तो उपयोगाच्या वस्तूचं रूप घेऊन येतो आणि कुणीतरी त्याच्यावर डबल क्लिक करायची वाट बघतो. ही पद्धत बरीच जुनी आहे. डिसेंबर १९८९ मध्ये एड्सविषयी माहिती देणारी म्हणून सुमारे २०,००० फ्लॉपी पोस्टाने अनेक देशांत पाठवल्या गेल्या. फ्लॉपीतला प्रोग्राम चालायचाही नीट. पण कॉम्प्युटर साधारण ९० वेळा चालू झाला की तो फाइलींची नावं वाचता येणार नाहीत अशी करून टाकायचा आणि पनामातल्या एका पोस्टबॉक्सवर १८९ डॉलर पाठवा म्हणून सांगायचा. फ्लॉपी कुणी जबरदस्तीने घातली नव्हती. आजही तसंच आहे, फक्त फ्लॉपी गेली.

आपल्याकडे ट्रोजन आत येण्याचा एक मोठा रस्ता म्हणजे क्रॅक, म्हणजे लायसन्स चुकवून चालवलेलं सॉफ्टवेअर. डीटीपीच्या कामाला कोरलड्रॉ लागतं, फोटोशॉप लागतं, आणि लायसन्सची किंमत बघून मालक म्हणतो, "अरे, कुठून तरी टाक ना." मग फुकटचं व्हर्जन देणारी साइट सापडते. त्या पानावरच्या सूचना कधी नीट वाचून बघा. पहिली सूचना: इन्स्टॉल करण्याआधी अँटीव्हायरस बंद करा. दुसरी: झिप फाइलचा पासवर्ड १२३४. पासवर्ड का? कारण पासवर्ड लावलेल्या झिपच्या आत काय आहे ते अँटीव्हायरसला दिसत नाही. फाइल उघडून बाहेर काढली की तो ओरडणार, म्हणून त्याला आधीच गप्प बसवायचं. या दोन सूचना एकत्र दिसल्या की पुढे काय आहे ते उघड आहे. गंमत वाटावी इतकी वाईट गोष्ट अशी की सॉफ्टवेअर बहुतेक वेळा व्यवस्थित चालतं, त्यामुळे कुणाला संशयच येत नाही. विंडोज फुकटात अ‍ॅक्टिव्हेट करून देणाऱ्या छोट्या प्रोग्रामांचंही असंच.

दुसरा रस्ता फाइलीच्या नावाचा. दुकानाच्या मेलवर येतं, "दादा, पत्रिकेचा मजकूर पाठवतोय, आज रात्रीपर्यंत प्रूफ द्या." सोबतच्या फाइलीचं नाव दिसतं 'मजकूर.पीडीएफ'. खरं नाव असतं 'मजकूर.पीडीएफ.ईएक्सई'. विंडोज ओळखीच्या फाइलींचं शेवटचं शेपूट, म्हणजे एक्स्टेन्शन, मुळातच लपवून ठेवतं, त्यामुळे 'ईएक्सई', म्हणजे हा चालणारा प्रोग्राम आहे ही खूण, दिसत नाही, आणि चित्र पीडीएफचंच लावलेलं असतं. मे २००० मध्ये जगभर पसरलेलं 'आय लव्ह यू' प्रकरण याच लपवाछपवीवर उभं होतं. ते प्रेमपत्र टेक्स्ट फाइल म्हणून दिसायचं आणि होतं स्क्रिप्ट, म्हणजे क्लिक करताच चालणारा प्रोग्राम. इतकी वर्षं झाली तरी विंडोजची ही सवय तीच आहे. फाइल एक्सप्लोरर उघडा, वर 'व्ह्यू', त्यात 'शो', आणि 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स'वर खूण करा. हे आत्ताच करून घ्या, बाकीचा लेख नंतर वाचला तरी चालेल.

२०२४ पासून जोरात असलेला तिसरा प्रकार ऐकून लोकांना खरा वाटत नाही. एखादी साइट उघडली की 'मी रोबोट नाही' अशी ओळखीची चौकट येते. क्लिक केल्यावर ती म्हणते, खात्रीसाठी एवढं करा: विंडोजचं बटण आणि आर दाबा, मग कंट्रोल आणि व्ही, मग एंटर. तुम्ही क्लिक केलंत त्याच वेळी त्या पानाने एक आज्ञा गुपचूप कॉपी करून ठेवलेली असते. विंडोज-आरने 'रन'ची चौकट उघडते, कंट्रोल-व्हीने ती आज्ञा तिथे चिकटते आणि एंटरने ती चालते. ट्रोजन तुमच्याच हाताने डाउनलोड होतो. कोणतीही खरी साइट 'रन'च्या चौकटीत काही टाकायला सांगत नाही. कधीच नाही. घरातल्या मोठ्यांना एवढं एक वाक्य सांगून ठेवलं तरी पुष्कळ आहे.

झेरॉक्सच्या दुकानातून प्रिंट काढून आणलेल्या पेनड्राइव्हमध्ये फोल्डरच्या जागी शॉर्टकट दिसू लागले तर त्यांच्यावर क्लिक करू नका. खरे फोल्डर तिथेच लपवलेले असतात.

आत शिरलाय हे ओळखायचं कसं? फॅन जोरात फिरतो, कॉम्प्युटर स्लो झाला, नेट रेंगाळतं ही लक्षणं सगळीकडे सांगितली जातात. मला ती फारशी भरवशाची वाटत नाहीत. सात-आठ वर्षांचा कॉम्प्युटर तसाही रेंगाळतोच, आणि पासवर्ड चोरणारा चांगला ट्रोजन काही मिनिटांत काम उरकून गप्प होतो, कधी कधी स्वतःला पुसूनही टाकतो. भरवशाच्या खुणा वेगळ्या आहेत. विंडोज सिक्युरिटी, म्हणजे विंडोजसोबत येणारं संरक्षण, बंद दिसते आणि चालू होत नाही. अँटीव्हायरस कंपन्यांच्याच साइट उघडत नाहीत, बाकीच्या उघडतात. कॉम्प्युटर चालू होताना काळी खिडकी क्षणभर चमकून जाते. ब्राउझरमध्ये तुम्ही न टाकलेलं एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडलेला छोटा प्रोग्राम, आहे. घरच्या कॉम्प्युटरवर क्रोम म्हणतं की हा ब्राउझर तुमची संस्था चालवते. न मागितलेले ओटीपी येतात. तुमच्या नावाने लोकांना मेल गेलेले असतात.

एक गोष्ट मात्र ट्रोजनची खूण नाही. स्क्रीनभर लाल पान, सायरनचा आवाज, आणि 'मायक्रोसॉफ्टच्या या नंबरवर लगेच फोन करा'. ते साधं वेबपेज असतं. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर नसतोच. ब्राउझर बंद करा, बंद होत नसेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप दाबून टास्क मॅनेजरमधून बंद करा. धोका सुरू होतो तो फोन लावल्यावर, कारण पलीकडचा माणूस कॉम्प्युटर लांबून चालवायचं सॉफ्टवेअर टाकायला लावतो.

संशय पक्का करायला जवळून बघायच्या दोन जागा आहेत. पहिली, विंडोज सिक्युरिटीमधली 'प्रोटेक्शन हिस्टरी'. तिथे दिसणारी नावं विचित्र असली तरी वाचता येतात. 'ट्रोजन:विन३२/वाकाटॅक' असं दिसलं तर पहिला शब्द प्रकार, दुसरा कोणत्या सिस्टिमसाठी, आणि तिरप्या रेघेनंतर घराण्याचं नाव. नावाच्या शेवटी उद्गारचिन्ह आणि 'एमएल' असेल तर ती ओळख मशीन लर्निंगच्या अंदाजावरून झालेली असते, म्हणून कधीकधी निर्दोष फाइलही त्यात सापडते. 'पीयूए' म्हणजे नको असलेलं पण बहुधा कमी घातक सॉफ्टवेअर. 'हॅकटूल:विन३२/ऑटोकेएमएस' दिसलं तर कुणीतरी विंडोज किंवा ऑफिस चोरून अ‍ॅक्टिव्हेट केलेलं आहे. ज्या दुकानातून कॉम्प्युटर घेतला तिथेच हे झालेलं असू शकतं, तुम्हाला पत्ताही नसतो. याच भागात 'एक्स्क्लुजन्स' नावाची यादी आहे, म्हणजे अँटीव्हायरसने कुठे बघायचं नाही त्या जागा. घरगुती कॉम्प्युटरवर ती सहसा रिकामी असते. तिथे तुम्ही न टाकलेलं फोल्डर दिसलं, किंवा अख्खा सी ड्राइव्ह दिसला, तर आता शंकेला जागा नाही.

दुसरी जागा टास्क मॅनेजर. नाव ओळखीचं नाही म्हणून घाबरू नका, अनोळखी नावांची तिथे जत्राच असते. बघायचं असतं ते राहण्याचं ठिकाण. नावावर राइट क्लिक करून 'ओपन फाइल लोकेशन' घ्या. 'एसव्हीसीहोस्ट' नावाच्या डझनावारी नोंदी दिसणं नेहमीचं आहे, पण ती फाइल विंडोज फोल्डरमधल्या सिस्टिम३२मध्ये असते. तेच नाव अ‍ॅपडेटामध्ये किंवा टेम्पमध्ये सापडलं, किंवा स्पेलिंगमधली दोन अक्षरं मागेपुढे असली, तर ते सोंग आहे. 'स्टार्टअप अ‍ॅप्स' आणि टास्क शेड्यूलर हे दोन्ही बघा. ट्रोजनला कॉम्प्युटर बंद करून चालू केल्यावर पुन्हा उठायचं असतं, आणि त्यासाठी तो बऱ्याचदा इथेच नाव लावतो. फाइलीबद्दल खात्री होत नसेल तर ती व्हायरसटोटल या साइटवर टाका, तिथे एकाच वेळी सत्तरच्या आसपास अँटीव्हायरस तिची तपासणी करतात. पण आधार कार्ड, गिऱ्हाइकांचे रिटर्न असं काही तिथे चढवू नका. तिथल्या फाइली सुरक्षा क्षेत्रातल्या इतर कंपन्यांनाही बघायला मिळतात.

आता क्रमाची गोष्ट. संशय पक्का झाला की पहिल्या मिनिटाला वायफाय बंद करा, केबल असेल तर काढा. ऑफिसात चार कॉम्प्युटर एकमेकांना जोडलेले असतील तर हे आणखी महत्त्वाचं. २७ जून २०१७ ला युक्रेनमधल्या एका अकाउंटिंग सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून नॉटपेट्या नावाचं घातक सॉफ्टवेअर शिरलं आणि कंपन्यांच्या आतल्या नेटवर्कवरून पसरत देशोदेशी पोचलं. मर्स्क या जहाज कंपनीला त्याचा फटका बसला आणि मुंबईच्या समुद्रापलीकडे उरणजवळच्या जेएनपीटी बंदरात त्यांच्या टर्मिनलचं काम ठप्प झालं. सुरुवात एका अपडेटपासून झाली होती, बाकीचं काम नेटवर्कने केलं.

मग दुसरं साधन हातात घ्या, शक्यतो फोन, आणि तोही मोबाइल डेटावर. आधी मुख्य ईमेलचा पासवर्ड बदला, कारण बाकी सगळ्यांचे पासवर्ड त्या ईमेलवरूनच परत मिळवता येतात. मग बँक, मग यूपीआयशी जोडलेली खाती, मग जीएसटी आणि इन्कम टॅक्स. पण नुसता पासवर्ड बदलून भागत नाही. लुमा, रेडलाइन यांसारखे पासवर्ड चोरणारे ट्रोजन ब्राउझरमधल्या कुकीज उचलतात. तुम्ही एकदा लॉगिन केलंत की साइट 'हा ओळखीचा माणूस' म्हणून जी चिठ्ठी ब्राउझरकडे ठेवते, ती कुकी. ती चिठ्ठी दुसऱ्याच्या ब्राउझरमध्ये बसवली की साइट पासवर्ड विचारत नाही, ओटीपीही नाही. चोराला घराबाहेर काढलं पण चाव्यांचा जुडगा त्याच्या खिशातच राहिला, अशी ही अवस्था. म्हणून गूगल खात्याच्या सुरक्षेच्या पानावर 'युअर डिव्हाइसेस'मध्ये जाऊन अनोळखी साधनांना साइन आउट करा. फोनवरच्या व्हॉट्सअ‍ॅपमध्ये 'लिंक्ड डिव्हाइसेस' उघडून सगळे काढा. जीमेलच्या सेटिंगमध्ये फॉरवर्डिंग आणि फिल्टर तपासा. तिथे चोराने स्वतःचा पत्ता घालून ठेवला असेल तर पासवर्ड बदलल्यावरही मेल त्याच्याकडे जात राहतात.

हे प्रकार दुर्मिळ आहेत असं कुणाला वाटत असेल तर एक आकडा सांगतो. १६ मार्च ते १६ मे २०२५ या दोन महिन्यांत मायक्रोसॉफ्टला जगभरात ३,९४,००० हून जास्त विंडोज कॉम्प्युटरवर एकटा लुमा सापडला. त्यानंतर कोर्टाच्या आदेशाने त्याचे सुमारे २,३०० डोमेन, म्हणजे इंटरनेटवरचे पत्ते, बंद पाडण्यात आले.

खात्यातून पैसे गेले असतील तर सफाईला हात लावण्याआधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा आणि सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी पोर्टलवर तक्रार नोंदवा. बँकेलाही लगेच कळवा आणि तक्रार नंबर लिहून घ्या. चोरलेले पैसे एका खात्यातून दुसऱ्यात सरकत असतात, लवकर कळलं तर वाटेत अडवता येतात. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार चूक बँकेची नाही आणि तुमचीही नाही अशा प्रकारात बँकेकडून सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकावर भार पडत नाही. चूक ग्राहकाची ठरली तरी कळवल्यानंतर जे नुकसान होईल ते बँकेचं. म्हणून 'सोमवारी बघू' करू नका. स्क्रीनशॉट, मेसेज, ती संशयित मेल जपून ठेवा. घाईघाईत कॉम्प्युटर फॉरमॅट केला की पुरावाही जातो.

आता सफाई. विंडोज सिक्युरिटीतली 'एक्स्क्लुजन्स' यादी आधी रिकामी करा, नाहीतर स्कॅन नेमकी तीच जागा सोडून देईल. अँटीव्हायरसची माहिती अद्ययावत करण्यापुरतं नेट जोडायला हरकत नाही, पण त्या वेळात कुठेही लॉगिन करू नका. मग 'स्कॅन ऑप्शन्स'मधून फुल स्कॅन लावा आणि त्यानंतर डिफेंडरचं, म्हणजे विंडोजच्याच अँटीव्हायरसचं, ऑफलाइन स्कॅन. हे ऑफलाइन स्कॅन फार कमी लोकांना माहीत आहे. कॉम्प्युटर बंद होऊन पुन्हा चालू होतो आणि नेहमीचं विंडोज उठायच्या आतच तपासणी होते, साधारण १५ मिनिटांत. ट्रोजन तेव्हा जागा नसतो, त्यामुळे लपू शकत नाही. दुसरं मत हवं असेल तर मायक्रोसॉफ्ट सेफ्टी स्कॅनर किंवा मालवेअरबाइट्सची फुकट आवृत्ती चालवा. सायबर सुरक्षेचं काम बघणाऱ्या सरकारच्या सर्ट-इन या संस्थेचं सायबर स्वच्छता केंद्रही २०१७ पासून सफाईची साधनं मोफत देतं, ती पुण्याच्या क्विक हील आणि मुंबईच्या ई-स्कॅन यांसारख्या आपल्याकडच्याच कंपन्यांनी बनवलेली आहेत. पण सतत पहारा देणारे दोन अँटीव्हायरस एकत्र ठेवू नका, ते एकमेकांच्या पायात येतात.

एवढं करून पुरतं का? ब्राउझरमधलं एक्स्टेन्शन किंवा 'पीयूए' असेल तर पुरतं. पण पासवर्ड चोरणारा, लांबून कॉम्प्युटर चालवू देणारा, किंवा अँटीव्हायरस बंद पाडणारा ट्रोजन असेल तर माझं मत स्पष्ट आहे: विंडोज नव्याने टाका. त्याने मागे काय काय सोडलंय याचा शोध घेण्यात दोन दिवस घालवण्यापेक्षा एक संध्याकाळ खर्च करणं परवडतं. रिस्टोर पॉइंटवर, म्हणजे विंडोजने आधी जपून ठेवलेल्या स्थितीवर, मागे जाण्याचा मोह टाळा, ट्रोजन त्यातही असू शकतो.

नवीन विंडोज टाकण्याआधी फोटो, कागदपत्रं, पत्रिकांच्या डिझाइन फाइली बाहेर काढा. सेटअप आणि 'ईएक्सई' घेऊ नका. मग दुसऱ्या स्वच्छ कॉम्प्युटरवरून मायक्रोसॉफ्टच्या साइटवरचं मीडिया क्रिएशन टूल घेऊन ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर विंडोज तयार करा. कॉम्प्युटरसोबत खरं विंडोज आलं असेल तर नव्याने टाकल्यावर नेट जोडलं की ते आपोआप अ‍ॅक्टिव्हेट होतं. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे चालत असेल तर ११ वरच जा.

हे स्वतः जमणार नसेल तर लॅमिंग्टन रोडला किंवा कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याकडे नक्की द्या, पण देताना तीन गोष्टी विचारा. 'फॉरमॅट मारून देतो' याचा अर्थ बरेचदा फक्त सी ड्राइव्ह साफ करणं असतो. डी ड्राइव्हवरचं 'सॉफ्टवेअर' नावाचं जुनं फोल्डर तसंच राहतं, आणि ट्रोजन ज्यातून आला तो क्रॅक त्याच फोल्डरमध्ये असतो. तर एक, डी ड्राइव्हवरचे जुने सेटअप काढणार का? दोन, विंडोज कुठून आणलेलं टाकणार? तीन, अ‍ॅक्टिव्हेट कसं करणार? तिसऱ्या प्रश्नावर 'त्याची काळजी करू नका' असं उत्तर आलं तर कॉम्प्युटर उचला आणि दुसरं दुकान बघा.

परत आणल्यावर रोजच्या कामासाठी वेगळं साधं खातं बनवा, ज्याला अ‍ॅडमिनचे अधिकार नाहीत. दुकानातली मुलं, घरातली मुलं त्याच खात्यावर बसू देत. डिझाइनला इंकस्केप आणि फोटोच्या कामाला गिंप ही दोन्ही फुकट आणि कायदेशीर आहेत, पत्रिकेचं बरंच काम त्यांत होतं. जुने पेनड्राइव्ह लावायच्या आधी फाइलींचं एक्स्टेन्शन दाखवायची ती खूण पुन्हा करून घ्या, नव्या विंडोजमध्ये ती पुन्हा बंद असते, आणि प्रत्येक पेनड्राइव्हवर राइट क्लिक करून स्कॅन केल्याशिवाय त्यातलं एकही फोल्डर उघडू नका.